एक नंबरची पिशवी

रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये एक-दोन दिवस न हलवता उभी ठेवली की आतले रक्त दोन भागांत वेगळे होते. खाली लाल पेशींचा गडद गाळ बसतो आणि वर फिकट पिवळे पाणी येते, साधारण सुक्या पेंढ्याच्या रंगाचे. त्याला प्लाझ्मा म्हणतात. हे मी कॉलेजात वाचले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते, पण प्रत्यक्ष पाहिले ते नोकरी लागल्यावर. पहिल्या दिवशी फ्रीजचे दार उघडे धरून मी इतका वेळ बघत राहिले की मागून आवाज आला, "बाई, आतल्यांना उकडतंय."

तो आवाज डॉक्टरसाहेबांचा, म्हणजे आमच्या रक्तपेढीच्या प्रमुखांचा. माणूस विनोदी होता. फक्त स्वतःच्या हुद्द्याबद्दल विनोद त्यांना चालत नसे.

माझे घर शहापूरला आणि ही रक्तपेढी शहरात. नव्वदीचे दशक संपत आले होते. मला घेतले होते ते साठवलेल्या रक्ताची गुणवत्ता तपासायला. पिशवीत रक्त जसजसे जुने होते तशा काही लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातले हिमोग्लोबिन वरच्या पिवळ्या पाण्यात सांडते. हिमोग्लोबिन हे एक प्रथिन. पेशीच्या आत असेपर्यंत ते प्राणवायू वाहून नेते, बाहेर सांडले की उपद्रव करते. प्लाझ्मात दुसरे एक प्रथिन असते, त्याचे काम एवढेच की सांडलेले हिमोग्लोबिन दिसले की त्याला धरायचे आणि बाजूला न्यायचे. मला या प्रथिनाबद्दल फार आपुलकी वाटे. सांडणारे सांडत राहतात, हे गोळा करत राहते, आणि याचा सत्कार कुठे होत नाही. पण त्याचा साठा मर्यादित असतो. तो संपला की प्लाझ्मा गुलाबी होतो, मग लाल. किती लाल झाले म्हणजे पिशवी माणसाला देऊ नये, हे मोजणे माझे काम.

त्या सुमारास रक्त विकणाऱ्यांवर बंदी आली होती आणि सगळ्याच रक्तपेढ्यांना एकाएकी समाजाची आठवण झाली होती. जिकडेतिकडे शिबिरे. आमचे एक शिबिर मुरबाडच्या पलीकडे, वैशाखरे गावाच्या पुढे रस्ता सोडून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत ठरले. ते ठरवले एका बापाने.

त्याची मुलगी दहा-अकरा वर्षांची होती. तिला सिकलसेल. हिमोग्लोबिनमध्ये जन्मापासूनच एक बारीकसा फरक असतो, त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि लवकर मरतात. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून हा फरक आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस आयुष्यभर भात लावतो, लाकडे वाहतो आणि त्याला पत्ता लागत नाही. बाप या वाडीतला, आई सिद्धगडाच्या पायथ्याची. दोघेही धडधाकट. मुलीला मात्र दोनेक महिन्यांनी रक्त चढवावे लागे, आणि आमच्याकडचा नियम असा की एक पिशवी नेली की नातलगांनी बदली एक द्यायची.

बाप दर वेळी एक पुतण्या, एक मेहुणा असे धरून आणायचा. एकदा मला म्हणाला, "बाय, एकेकाला आणून माजं पाय झिजलं. तुमीच या ना वाडीला. आख्खी वाडी देल."

"आख्खी?"

"म्हातारी सोडून. ती सुईला घाबरत नाय, पन तिच्यात रगत ऱ्हायलाय कुटं."

तसे आम्ही गेलो. शिबिर म्हटले की मंडप, मंडप म्हटला की उद्घाटन आणि उद्घाटन म्हटले की त्या भागातले एक पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी दीप उजळला, नारळ वाढवला, रक्ताच्या नात्यापेक्षा रक्तदानाचे नाते मोठे असे काहीसे बोलले आणि सांगितले की पहिली पिशवी माझी. त्यांची तशी अटच होती. पिशवीवर एक नंबरची चिठ्ठी लागली. भरलेली पिशवी हातात उंच धरून, शेजारी डॉक्टरसाहेब, असा फोटो निघाला. वाडीतली माणसे रांगेत उन्हात उभी होती. फोटो संपल्यावर तीही एकेक करून झोपली, हात पुढे केला आणि उठून लगेच शेतावर निघाली. चहा-बिस्किटासाठी थांबा म्हटले तर एक बाई म्हणाली, "बिस्कीट द्या कागदात. पोरांना नेते."

पिशव्या एका मोठ्या पेटीत बर्फात ठेवल्या होत्या. आदल्या रात्री शहरात वीज गेल्यामुळे आमचे स्वतःचे बर्फाचे डबे गोठलेच नव्हते. तेव्हा गाडीवाल्याने येताना मुरबाडात कुणा ओळखीच्याकडून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेला बर्फ घेतला होता. मी तो पाहिला. बर्फच होता. प्रत्येक दात्याच्या रक्ताची एक छोटी नळी तपासणीसाठी वेगळी घेतात, त्या नळ्या मात्र माझ्याजवळ होत्या. मी त्या स्टँडमध्ये लावून मांडीवर घेऊन डॉक्टरसाहेबांच्या मोटारीतून आणल्या.

दोन दिवसांनी फ्रीज उघडला आणि वाडीच्या पिशव्यांकडे बघून माझे दार पुन्हा उघडेच राहिले. वरचे पाणी पेंढ्याच्या रंगाचे नव्हते. निम्म्याअधिक पिशव्यांत ते कोकमाच्या सरबतासारखे लाल होते. सहा आठवडे जुन्या पिशवीतसुद्धा मी एवढे पाहिले नव्हते.

डॉक्टरसाहेबांनी एक पिशवी उजेडाकडे धरली आणि निदान केले. "सिकल. सगळी वाडी त्याचीच. पेशी कमकुवत, टिकणार कशा? हे रक्त घ्यायचं नाही यापुढे. शिबिरातलंही नाही, बदलीतलंही नाही."

मी म्हणाले, "तपासून तर बघू."

"तपासायचं काय त्यात? डोळ्याला दिसतंय."

डोळ्याला बरेच काही दिसते. लाल पिशव्या खालच्या कप्प्यात गेल्या, टाकून देण्यासाठी. मी हट्टाने त्या थोडे दिवस ठेवून घेतल्या. अभ्यासासाठी असे म्हटले की कुणी हरकत घेत नाही, कारण अभ्यास कुणाला वाचायचा नसतो.

त्याच आठवड्यात बाप आला. बरोबर दोन पुतणे. मुलीला रक्त चढवायची वेळ आली होती. ती रुग्णालयात दाखल होती आणि डोळे हळदीसारखे झाले होते. खिडकीवर त्याला सांगितले गेले की तुमच्या वाडीचे रक्त चालणार नाही, दुसरीकडचे दाते आणा. तो माझ्या टेबलापाशी आला. रागावलेला नव्हता, हेच वाईट होते.

"बाय, आमचा रगत नासका हाय, असा बोलत."

"अजून काही ठरलेलं नाही."

"आन् मंग दुसरा कोन देल? मुरबाडच्या बाजारात उबा ऱ्हाऊन इचारू का, कुनी देता का? पोर विहिरीपरत गेली का बसते. मी खांद्यावर घेऊन आनलाय तिला बसपरत."

एक पुतण्या तेवढ्यात म्हणाला, "काका, आमचा नासका तर आमी कसं उबं?" आणि स्वतःच हसला. बाप हसला नाही.

त्या दिवशी मुलीला एक पिशवी दिली गेली. डॉक्टरसाहेब वाईट नव्हते. या वेळेपुरती देतो म्हणाले. पण पुढच्या वेळचे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि बापाने ते न सांगितलेलेच ऐकले.

मी दुपारी नळ्या काढल्या. वाडीच्या दात्यांच्या त्याच नळ्या, ज्या मांडीवरून आणल्या होत्या. स्टँड उजेडात धरला. सगळ्या नळ्यांत वरचे पाणी पिवळे. जिची पिशवी लाल, तिचीही नळी पिवळी. म्हणजे माणसाच्या अंगात रक्त ठीक होते, नळीत ठीक होते, पिशवीत बिघडले होते. हा शोध लागायला मला फक्त हात वर करावा लागला. तरीही मी बराच वेळ खुशीत होते.

मग पट्ट्या चालवल्या. याची पद्धत मला अजून आवडते. पेशी फोडून हिमोग्लोबिनचा एक थेंब ओल्या पट्टीच्या एका टोकाला लावायचा आणि पट्टीतून वीज सोडायची. हिमोग्लोबिन सरकू लागते. नेहमीचे पुढे जाते, सिकलचे मागे रेंगाळते. थोड्या वेळाने रंग दिला की कुणाच्या पट्टीवर एक रेघ, कुणाच्या दोन. प्रथिनांची ही शर्यत मी घाम पुसत, पंखा बंद करून, शर्यतीला आल्यासारखी बघत बसे. पंख्याच्या वाऱ्याने पट्टी सुकते.

काही पट्ट्यांवर दोन रेघा निघाल्या. डॉक्टरसाहेब तेवढे बरोबर होते. वाडीत सिकल होते. पण लाल पिशव्यांशी त्याचा मेळ बसेना. दोन रेघांवाल्या एका बाईची पिशवी स्वच्छ पिवळी, आणि एक रेघवाल्या तिच्या दिराची लालभडक. रोगाला घरातला एक जण सोडून दुसऱ्याचीच पिशवी का धरावीशी वाटली असेल, याला उत्तर नव्हते.

उत्तर मला कुल्फीने दिले.

त्या रविवारी मी वाडीला निघाले होते, दोन-तीन जणांचे ताजे नमुने घ्यायला. बाप मुरबाडला एसटी स्टँडवर घ्यायला आला होता. त्याच्या डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा. ती पाने तो बाजारात एका कुल्फीवाल्याला देत असे, वर्षानुवर्षे. भारा उतरवून झाल्यावर कुल्फीवाल्याने आम्हाला बसवले आणि म्हणाला, "बसा मॅडम. यांच्या पोरीला रगत देता ना तुमी? पैशाचं नाव काढू नका."

बाप म्हणाला, "शिबिराला बरफ पन यांनीच दिल्ता. फुकट. पोरीसाटी म्हनून."

"मग काय, रगताचा पैसा घेऊ?" कुल्फीवाला म्हणाला आणि कामाला लागला. लाकडी पेटीत बर्फाचे तुकडे, त्यात खुपसलेले पत्र्याचे साचे, आणि वरून तो मुठीने जाडे मीठ फेकत होता. हात असा चालत होता की मीठ आहे की अक्षता कळू नये. साचा काढला, दोन्ही तळव्यांत फिरवला, कुल्फी पळसाच्या पानावर उतरली. दगडासारखी. मी पहिला तुकडा दाताने तोडला तर दात ठणकला.

"मीठ कशाला हो घालता?" मी विचारले. शाळेत शिकलेले होते, पण शाळेत शिकलेले वेळेवर आठवत नाही.

"मीठ नाय टाकला तं कुल्फी बसल कशी? नुसता बरफ काय, गार करतो. मीठ टाकला का मारतो."

"मारतो म्हणजे?"

"गोटवतो हो."

मी पान हातात धरून थांबले. "तेव्हा रक्तासाठी दिलेल्या बर्फात...?"

"टाकला ना!" त्याचा चेहरा उजळला. "मूठ मूठ प्रत्येक पिशवीत, आन् तोंड बांधला. साधा बरफ वैशाखऱ्यापरत पानी झाला असता. भाऊंचा रगत जानार होता त्यात, हलका माल देऊन कसा चालल?"

बापाने भर घातली. "भाऊंची पिशवी मीच ठेवली ना. मनात बोललो, मोठ्या मानसाची हाय, गार ऱ्हाऊ दे. पार तळाला, बरफात रुतवली. मंग आमच्या वाडीच्या कडंकडंनी. मागून आल्या त्या मधे."

कुल्फी वितळून पानावरून कोपरापर्यंत ओघळली आणि मला ती पुसायचे सुचले नाही. मिठाच्या बर्फाचा गारवा गोठणबिंदूच्या बराच खाली जातो. त्याला टेकलेल्या पिशव्या कडेने गोठल्या असणार, गोठताना पेशी फुटल्या असणार आणि शहरात येईपर्यंत सगळे पुन्हा पातळ होऊन निर्दोष दिसले असणार. मधल्या पिशव्या वाचल्या. बाईची पिशवी मध्ये, दिराची कडेला.

"काय झाला बाय?" बापाने विचारले.

"तुमचं रक्त नासकं नाही," मी म्हणाले. "त्याची कुल्फी झाली होती."

बाप कुल्फीवाल्याकडे बघत राहिला. कुल्फीवाल्याचा मिठाचा हात हवेत राहिला. "अरे देवा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पन बसली असंल चांगली."

बाप एवढ्या मोठ्याने हसला की शेजारचा भाजीवाला वळला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसताना मी पाहिला.

सोमवारी मी मुदत संपलेल्या दोन पिशव्या घेतल्या. एक साध्या बर्फात, एक जाडे मीठ घातलेल्या बर्फात. मीठ रक्तपेढीच्या स्वयंपाकघरात नव्हते, आमच्या शिपायाने समोरच्या वडेवाल्याकडून आणले. पिशव्या बर्फातून काढून नीट बसू दिल्या आणि मग उजेडात धरल्या. साध्या बर्फातल्या पिशवीचा रंग बदलला नाही. मिठातली लाल. प्लाझ्मातले हिमोग्लोबिन मोजले, पट्ट्या लावल्या, नळ्या ठेवल्या आणि सगळी मिरवणूक डॉक्टरसाहेबांच्या खोलीत नेली.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "प्रयोगशाळेत काय, काहीही लाल करता येतं. त्या वाडीत सिकल आहे की नाही?"

"आहे. काही जणांत."

"मग?"

शास्त्र सांगून मी हरले होते. मी भिंतीकडे पाहिले. त्यांच्या खुर्चीमागे शिबिराचा फोटो नुकताच चौकटीत बसवून आला होता. भाऊ, हातात उंच पिशवी, पिशवीवर एक नंबर ठळक, शेजारी डॉक्टरसाहेब हसतमुख.

"सर, खालच्या कप्प्यातली सगळ्यात लाल पिशवी तुम्ही पाहिलीत का?"

"का?"

"एक नंबरची आहे."

ते खुर्चीतून वळले आणि फोटोकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. रक्त नासके ठरवायचे तर आता भाऊंचेही ठरवावे लागणार होते, आणि भाऊ आमच्या विश्वस्तांबरोबर दर महिन्याला जेवत.

"बर्फच," डॉक्टरसाहेब म्हणाले. "बर्फच असणार. मला तेव्हाच वाटलं होतं."

त्याच दुपारी खिडकीवरचा हुकूम मागे घेतला गेला. पुढे एका परिसंवादात डॉक्टरसाहेबांनी रक्ताच्या वाहतुकीतील तापमानावर भाषण केले. चांगले झाले. त्यात कुल्फी नव्हती.

पण एक गोष्ट मला बापाला सांगायची होती आणि ती कुणी दुसऱ्याने सांगावी असे मला वाटत होते. पट्टीवर दोन रेघा असलेल्या माणसाचे रक्त इतरांना चालते, पण सिकलच्या रुग्णाला देत नाहीत. तिला ज्याची कमतरता आहे ते त्यात अर्धेच असते. आणि बापाच्या पट्टीवर दोन रेघा होत्या. असणारच होत्या, त्याशिवाय मुलीला आजार झाला नसता. वाडीतल्या सगळ्यांत ज्याला द्यायची सर्वांत जास्त ओढ, त्याचे रक्त तिच्यासाठी नव्हते.

पुढच्या शिबिराला मी ते सांगितले. तोच मंडप, तोच दीप, पहिली पिशवी पुन्हा भाऊंची. कुल्फीवाला स्वतः बर्फ घेऊन आला होता, बिनमिठाचा, आणि चेहरा पाडून पेटीजवळ बसला होता. असला कच्चा माल त्याने आयुष्यात कुणाला दिला नव्हता. मुलगी त्याच्या शेजारी बसून बर्फाचा तुकडा चोखत होती. डोळ्यांत आता हळद नव्हती.

बाप खाटेवर झोपला होता, हातात सुई, मुठीत रबरी चेंडू. मी पट्टीचे सगळे सांगितले. तो चेंडू दाबत ऐकत राहिला.

"म्हंजे मी दिला तरी तिला नाय."

"तिला नाही. पण तुम्ही दिलंत म्हणून तिला दुसऱ्याचं मिळेल. तुमचं दुसऱ्या कुणाला जाईल."

"कुनाला?"

"ते आम्हालाही आधी कळत नाही."

त्याने पिशवीकडे पाहिले. ती हळूहळू भरत होती, गाडीच्या धक्क्यात डुलावी तशी डुलत. "मंग तिला कुनाचा?"

"ज्याचं जुळेल त्याचं."

 त्याने मान वळवून मंडपाच्या त्या टोकाला पाहिले, जिथे भाऊ फोटोसाठी पिशवी उंच धरून उभे होते.

"कुनाचा बी द्या बाय," तो हळूच म्हणाला. "पन ती एक नंबरची नको. ती किती वेळ उन्हात धरलीय बगा."

मी उठले आणि भाऊंच्या हातातून पिशवी घेऊन पेटीत ठेवली. मधोमध.